काशी, कोलकाता, पुरी आणि परत: सगळ्या घरादाराला घेऊन लांबचा रेल्वेप्रवास कसा आखावा

लांबच्या रेल्वेप्रवासात घरच्यांचे जे हाल होतात, त्यातले बरेचसे गाडी सुटण्याच्या दोन महिने आधीच ठरून गेलेले असतात. आजोबांना वरचा बर्थ, दोन गाड्यांमध्ये जेमतेम तासाभराचं अंतर, अपरात्री परक्या शहरात उतरायचं आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी बाराला मिळणार. यातलं काहीही नशिबावर सोडायची गरज नसते. नकाशा उघडायच्या आधी घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस डोळ्यांसमोर आणायचं आणि सगळी आखणी त्याच्या चालीनं करायची. तरुण मंडळी कशीही निभावून नेतात.

हा लेख एक काल्पनिक कुटुंब धरून लिहिला आहे, म्हणजे प्रत्येक निर्णय कसा घ्यायचा ते दिसेल. आजोबा ७४, आजी ६९, आई-बाबा चाळिशीतले, आत्या ४८, मुलगी १३ आणि मुलगा ६ वर्षांचा. सात माणसं, मुंबईहून निघणार. काशी, कोलकाता, पुरी करून परत. तुमचा मार्ग दक्षिणेचा असेल किंवा काश्मीरचा, हिशोब हाच.

महिना ठरवताना

शाळेच्या सुट्ट्या बघून आपण तारखा काढतो, पण त्याच तारखांना रेल्वेत काय चाललेलं असतं तेही बघायला हवं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. त्याआधी मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणारी प्रत्येक गाडी ओसंडून वाहते, आणि छठ झाली की तीच गर्दी उलट दिशेनं परत येते. दिवाळीच्या सुट्टीत काशीचा बेत कितीही मोहात पाडणारा असला तरी म्हातारी माणसं बरोबर असताना तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सुट्टीत दक्षिणेकडे जावं.

नाताळच्या सुट्टीत हवा छान असते, पण गंगेच्या खोऱ्यात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत दाट धुकं पडतं. सिग्नल दिसत नाहीत, गाड्या हळू चालवाव्या लागतात आणि काही तासांचा उशीर ही नेहमीची गोष्ट होते. उशीर धरून आखलं तर हा काळ चालतो. मे महिन्यात काशीला चाळिशी पार केलेलं ऊन असतं, आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर मे तसेच ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. ३ मे २०१९ ला फनी वादळ पुरीजवळच धडकलं होतं. कोकण रेल्वेनं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, त्या मार्गाचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो.

आपल्या कुटुंबासाठी मी नाताळची सुट्टी धरते. काशीच्या टप्प्याला एक दिवस जास्तीचा ठेवायचा, एवढीच अट.

मार्ग: गोल फिरून या

एका बाजूनं जाऊन त्याच बाजूनं परत येण्यापेक्षा गोल मार्ग चांगला. मुंबईहून महानगरी एक्सप्रेसनं वाराणसी. तिथून विभूती एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीनं हावडा. हावड्याहून पुरीला रात्रीची गाडी किंवा दिवसाची वंदे भारत. आणि परतीला पुरीहून भुवनेश्वरला येऊन कोणार्क एक्सप्रेसनं विजयवाडा, सिकंदराबाद, सोलापूर, पुणे करत मुंबई. दोन लांब टप्पे, दोन छोटे. लांबचे टप्पे सुरुवातीला आणि शेवटी येतात, तेही बरं. पहिल्या दिवशी सगळे ताजे असतात आणि शेवटी कितीही दमलं तरी घरीच जायचं असतं.

प्रत्येक रात्रीच्या प्रवासानंतर त्या गावात किमान दोन रात्री मुक्काम ठेवा. उतरलेला दिवस आंघोळ, झोप आणि संध्याकाळचं एखादं ठिकाण, एवढाच असतो. त्याच दिवशी पाच देवळं करायला गेलात तर आजींचे पाय दुसऱ्या दिवशी बोलू लागतात, मग सगळेच अडकतात. दहा दिवसांत तीन शहरं पुरेत. गयेचा बेत मध्ये घुसवायचा मोह होईल; तो पुढच्या वेळेला ठेवा.

आता दोन सापळे, ज्यांत शहाणीसुरती माणसंही अडकतात.

पहिला, मध्यरात्रीची तारीख. महानगरी मुंबईहून रात्री बारा वाजून गेल्यावर लगेच सुटते. तिकिटावर २५ डिसेंबर असेल तर घरातून निघायचं २४ च्या रात्री, जेवणं उरकून. २५ ला दिवसभर पॅकिंग करत बसलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. अशा गाडीचं तिकीट काढलं की घरातल्या कॅलेंडरवर '२४ ला रात्री निघायचं' असंच लिहा, तिकिटावरची तारीख नको.

दुसरा, स्टेशन. मुंबईत सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस. कोलकात्याला हावडा, सियालदह, शालिमार, कोलकाता. दिल्लीला नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार. चेन्नईला सेंट्रल आणि एग्मोर. हावड्याला उतरून सियालदहहून पुढची गाडी असेल तर मध्ये नदी आणि शहरातली वाहतूक दोन्ही आहे. वाराणसीतही वाराणसी जंक्शन आणि बनारस ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावरचं स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचायची सवय लावा.

महानगरी वाराणसीला पोचते ती उजाडायच्या आधी. हॉटेलची खोली आदल्या रात्रीपासून घ्या, नाहीतर स्टेशनवरची रिटायरिंग रूम, म्हणजे प्रवाशांना भाड्यानं मिळणारी खोली. रिटायरिंग रूम आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आरक्षित करता येते, त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी (दोघांत एक बर्थ) तिकिटाचा पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा आरक्षण क्रमांक, लागतो. सात माणसांना दोन खोल्या किंवा डॉर्मिटरीतले पलंग घ्यावेत. आंघोळी करून, चहा पिऊन उजेडात शहरात शिरता येतं.

साठ दिवसांचा हिशोब

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. २५ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण उघडतं २६ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजता.

यातला एक बारकावा फार उपयोगी आहे. हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही जिथे चढता तिथल्या नव्हे. गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी निघते आणि पुण्याला दुसऱ्या दिवशी पहाटे येते. पुण्याहून २५ तारखेला बसायचं असेल तर गाडीची तारीख २४, म्हणून आरक्षण एक दिवस आधीच, २५ ऑक्टोबरला उघडतं. हे माहीत नसलेला माणूस २६ ला सकाळी आठला संगणकासमोर बसतो आणि त्याला वेटिंग दिसतं. तत्काळलाही, म्हणजे आयत्या वेळच्या तिकिटालाही, हाच नियम.

दुसरी तयारी आधारची. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघतं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणालाही, ते उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळेत, ही अट लागली. पडताळणी आठवडाभर आधी करून ठेवा. त्या सकाळी ओटीपी येत नाही म्हणून सगळं राहून जायला नको. घरातल्या दोघांची खाती तयार ठेवा. सगळ्यांची नावं, वयं आणि बर्थची पसंती खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये आधीच भरलेली असली की टाइप करण्यात वेळ जात नाही.

परतीचं तिकीट विसरू नका. कोणार्कची तारीख आठ-दहा दिवसांनंतरची, म्हणून तिचं आरक्षणही तेवढ्याच दिवसांनंतर उघडेल. चारही गाड्यांच्या आरक्षणाच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि पहिलं तिकीट हाती आल्याखेरीज हॉटेलचे पैसे भरू नका.

तिकीट कसं फोडायचं

एका पीएनआरवर जास्तीत जास्त सहा माणसं. आपण सात, म्हणजे दोन तिकिटं होणारच. ती कशी फोडायची यावर प्रवासाचं निम्मं सुख अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते.

प्रत्येक स्लीपर डब्यात सहा-सात, थ्री टायर एसीत चार-पाच आणि टू टायर एसीत तीन-चार खालचे बर्थ ज्येष्ठांसाठी वगैरे राखून ठेवलेले असतात. हा वेगळा कोटा आहे, 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' या नावाचा, आणि तिकीट काढताना तो यादीतून निवडावा लागतो. साठ किंवा त्यापुढचे पुरुष आणि ४५ किंवा त्यापुढच्या स्त्रिया यांना तो मिळतो. पण तिकिटावर एकच माणूस असेल किंवा या अटीत बसणारी दोनच माणसं असतील तरच. आजी-आजोबांची नावं आपल्या सातांच्या गोतावळ्यात घातली की हा हक्क हातचा जातो. आणि लोक नेमकं तेच करतात, 'सगळे एकत्र असू दे' म्हणून.

म्हणून पहिलं तिकीट आजी-आजोबांचं, या कोट्यातून. दुसरं उरलेल्या पाच जणांचं, साध्या कोट्यातून. दोघांनी दोन फोनवरून एकाच वेळी आठला सुरुवात करायची. डबे वेगळे येऊ शकतात, ही जोखीम आहे. पण शेजारच्या डब्यात जाऊन आजींना डबा देणं सोपं, रात्री त्यांना मधल्या बर्थवर चढवणं अवघड. आत्याही ४८ ची असल्यामुळे एकटीच्या तिकिटावर या कोट्यात बसते. तरी तिचं तिकीट मी वेगळं काढणार नाही. तीन तुकडे झाले की सांभाळणं वाढतं, आणि आई-बाबांना मुलांबरोबर तिसरं मोठं माणूस हवंच असतं.

पाच जणांच्या तिकिटावर 'सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच बुक करा' आणि 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा' असे पर्याय दिसतात. एका वेळी एकच निवडता येतो. लहान मुलं असतील तर मी पहिला निवडेन. 'ऑटो अपग्रेडेशन'ची खूण आजी-आजोबांच्या तिकिटावर काढून टाका. वरच्या वर्गात फुकट गेलो पण खालचा बर्थ गेला, तर काय उपयोग?

मुलांचं तिकीट. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत बर्थ न घेता अर्धं भाडं आणि बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, असा २०१६ पासूनचा नियम आहे. सहा वर्षांच्या मुलाचे अर्धे पैसे वाचवून त्याला आईच्या बर्थवर झोपवायचा बेत एका रात्रीपुरता कागदावर बरा दिसतो. दोघांनाही झोप लागत नाही आणि काशीला आई डोकं धरून उतरते. पूर्ण तिकीट काढा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे खर्चाच्या अंदाजात आजी-आजोबांचंही पूर्ण भाडं धरा.

वर्ग कोणता

नाताळात उत्तरेकडे स्लीपरच्या खिडक्यांतून रात्रभर गार वारा शिरतो. अंथरूण-पांघरूण आपलंच न्यावं लागतं. मेमध्ये त्याच डब्यात दुपार काढणं अवघड होतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर लांबच्या दोन टप्प्यांना थ्री टायर एसी घ्यावा आणि हावडा-पुरीसारख्या एका रात्रीच्या टप्प्याला हात आखडता घेतला तरी चालेल. टू टायरमध्ये मधला बर्थ नसतो, त्यामुळे दिवसभर पाठ ताठ ठेवून बसता येतं; पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसासाठी तो खर्च वाया जात नाही.

बर्थचा नंबर हाती आला की तो कुठला ते ओळखायला शिका. स्लीपर आणि थ्री टायरमध्ये आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो: १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. मग ९ पासून तेच चक्र पुन्हा. नंबरला आठनं भागा, बाकी बघा. ३६ ला बाकी चार, म्हणजे खालचा. टू टायरमध्ये सहाचं चक्र आहे: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, ६ साइड अपर. अगदी पहिले आणि अगदी शेवटचे नंबर संडासाजवळ येतात. दाराची उघडझाप आणि उजेड रात्रभर चालू असतो.

वेटिंग आलं तर

सगळं वेटिंग सारखं नसतं. जीएनडब्ल्यूएल म्हणजे साधारण कोट्याची यादी, गाडी सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासहून लांब जाणाऱ्यांची. ती सगळ्यात जास्त सरकते. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल या मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यांच्या याद्या, तिथे दहावा नंबरही अडकून राहू शकतो. म्हणून नाशिकहून बसणाऱ्यानं कधीकधी तिकीट मुंबईपासूनचं काढावं आणि बोर्डिंग स्टेशन नाशिक रोड करून घ्यावं. थोडं भाडं जास्त जातं, पण यादी चांगली मिळते. बोर्डिंग बदलल्यावर मात्र मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क राहत नाही.

आरएसी म्हणजे साइड लोअर दोघांत मिळून. तरुण माणसाला चालतं. आजोबांना नाही.

चार्ट, म्हणजे कोणाला कुठला बर्थ मिळाला त्याची शेवटची यादी, पूर्वी चार तास आधी लागायचा, २०२५ पासून तो गाडी सुटण्याच्या आठ-दहा तास आधी लागू लागला आहे. पहाटेच्या आणि सकाळच्या गाड्यांचं भवितव्य आदल्या संध्याकाळी किंवा रात्री कळतं, हा मोठाच दिलासा. चार्टनंतरही पूर्ण वेटिंग राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि त्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही.

तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी निघतं: एसीचं सकाळी दहाला, बाकीचं अकराला. एका तिकिटावर चारच माणसं आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत. सात जणांच्या कुटुंबानं तत्काळच्या भरवशावर बेत करू नये. एखाद्या टप्प्याचं दोघांचं तिकीट अडलं असेल तर तेवढ्यापुरतं ते आहे.

'विकल्प' योजनेत दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते, पण ती गाडी वेगळ्या वेळेची आणि जवळपासच्या वेगळ्या स्टेशनचीही असू शकते. एकट्या माणसानं खुशाल घ्यावा. घरादारानं टाळावा.

दोन गाड्यांमधलं अंतर

मुक्काम न करता एका गाडीतून दुसरीत बसायचं असेल तर दिवसा किमान सहा तास, धुक्याच्या दिवसांत पूर्ण रात्र मध्ये ठेवा. आणि दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे: पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याची फी न कापता परत मिळतात. त्यासाठी दोन्हींवर माणसं तीच हवीत आणि पहिली जिथे संपते तिथूनच दुसरी सुरू व्हायला हवी. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे अक्षरशः सारखं भरा.

सामान

रेल्वेत फुकट नेता येणाऱ्या सामानाची मर्यादा माणशी ठरलेली आहे: स्लीपर आणि थ्री टायर एसीत ४० किलो, टू टायरमध्ये ५०. कुटुंबाची अडचण वजनाची नसते, नगांची असते. सात माणसांच्या सामानाचे चौदा नग झाले की गर्दीत दोन मागे राहतात. मोठ्या चार बॅगा, प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, खाण्याची एक पिशवी, बस्स. बॅगा मऊ आणि मध्यम उंचीच्या घ्या. कडक मोठ्या सुटकेसा बर्थखाली सरकत नाहीत आणि मग चोवीस तास पायांत राहतात. साखळी-कुलूप न्या, खालच्या बर्थच्या खाली ते अडकवायला कड्या असतात.

एक छोटी पिशवी वेगळी भरा आणि ती बाबांच्या किंवा आत्याच्या अंगावरच राहू द्या: सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, आजी-आजोबांची औषधं, औषधांच्या चिठ्ठ्यांची प्रत, थोडी रोकड, तिकिटांचा छापील कागद. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या आणि अर्धी दुसऱ्या बॅगेत ठेवा. फोन बंद पडला तर पीएनआर कागदावर लागतो.

चढण्याची तालीमही घरीच करून घ्यावी. फलाटावर डब्यांची जागा दाखवणारे फलक असतात. गाडी यायच्या अर्धा तास आधी आपल्या डब्यासमोर पोचलेलं असावं. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते. बाबा आणि मुलगी आधी चढतील, बॅगा दारातून आत ओढतील; आत्या आणि आई खालून देतील; आजी-आजोबा आणि लहान मुलगा मध्ये; शेवटी आई. कोणी काय करायचं ते आधी ठरलेलं असलं की धावपळ होत नाही. आपला डबा सापडला नाही तर समोर येईल त्या आरक्षित डब्यात चढा, आतून पुढे जाता येतं. उतरतानाही पंधरा मिनिटं आधी बॅगा दाराकडे न्या. आजींना चालवत नसेल तर मोठ्या स्टेशनांवर व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. हमाल करायचा तर दर आधी बोलून घ्या.

खाणं

पहिल्या दिवसाचं सगळं घरचं. पोळ्या दुपारपर्यंत, त्यानंतर दशम्या. पाणी न घालता दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि दात नसलेल्या आजोबांना चावता येते; तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, मेतकूट, चिवडा, खजूर. ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची भाजी किंवा दह्यातलं काही दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. मुलांना एकदम सगळा खाऊ दाखवू नका, दोन वेळचा वेगळा बांधून ठेवा.

एक वेळ गरम जेवण मागवायचं असेल तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून, किंवा १३२३ ला फोन करून, पुढच्या मोठ्या स्टेशनवर बर्थवर डबा मिळतो. महानगरीत दुपारी इटारसी किंवा जबलपूर बघा. गाडी जिथे पाच-दहा मिनिटं थांबते तेच स्टेशन निवडा, आणि मागवण्याआधी गाडी किती उशिरा धावते आहे ते पाहा. पाणी बंद बाटलीतलंच घ्या. लिटरभर रेल नीरची किंमत सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये आहे. गरम पाण्याचा एक थर्मास आजींच्या उशाशी असावा.

गाडीत

रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ. तेवढ्याच वेळात मधला बर्थ उघडता येतो. बाकी वेळ खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचं. आजोबांना दुपारी आडवं व्हायला हवं असतं, म्हणून वरच्या बर्थवाल्या सहप्रवाशाशी सुरुवातीलाच गोडीनं बोलून घ्या. बर्थ बदलून हवा असेल तेव्हाही टीसी यायच्या आधी आपणच शेजाऱ्यांना विचारावं. समोरच्या तरुणाला वरचा बर्थ आवडतोच, बऱ्याचदा काम होऊन जातं.

सकाळी साडेपाचला उठणाऱ्यांना संडास स्वच्छ मिळतो, सातला रांग असते. साबण, टिश्यू आणि घसरणार नाहीत अशा चपला हाताशी ठेवा. रात्री आजी उठल्या तर कोणीतरी बरोबर जायचं, हे पाळीनं ठरवा; दोन डब्यांच्या जोडापाशी तोल जातो. फोन दिवसाच पूर्ण चार्ज करा, अनेक गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग बंद ठेवतात. खिडकीशी किंवा दारात उभं राहून फोनवर बोलू नका, गाडी हळू होताना तो हातातून हिसकावला जातो.

डब्यात घाण, एसी बंद, पाणी नाही, कोणी त्रास देतंय, कोणाची तब्येत बिघडली: सगळ्याला रेल्वेचा मदत क्रमांक १३९. रेलमदद अॅपवरही तक्रार जाते, पण आजारपणात फोनच करा, आणि टीसीलाही सांगा. पीएनआर, डबा आणि बर्थ तोंडावर असू द्या. अपरात्री उतरायचं असेल तर १३९ वर स्टेशन येण्याआधी उठवण्याची सोयही आहे. तरी घरातल्या दोन फोनवर गजर लावाच.

गाडी फार उशिरा असेल तेव्हा

निघायच्या दिवशी सकाळपासून एनटीईएस किंवा रेलवन या रेल्वेच्या अॅपवर गाडी कुठे आहे ते बघत राहा. विशेषतः परतीच्या प्रवासात, कारण येणारीच गाडी उलट फिरून जाणार असते; ती उशिरा पोचली तर तुमचीही उशिरा सुटायची शक्यता असते. स्टेशनवर आजी-आजोबांना घेऊन पाच तास बसण्यापेक्षा हॉटेलवाल्याला आधीच विचारून खोली संध्याकाळपर्यंत ठेवा.

गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच करणार नसाल तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायचा असतो, आणि तो गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत. गाडी निघून गेल्यावर भरलेला टीडीआर नाकारला जातो. निर्णय घ्यायला वेळ लागतो, म्हणून दोन तास उशीर दिसला की घरात बोलायला सुरुवात करा: थांबायचं, दुसरी गाडी बघायची, की एक दिवस इथेच राहायचं. काशीसाठी ठेवलेला तो जास्तीचा दिवस इथे कामाला येतो.

कोणार्क पुण्याला रात्री उशिरा आणि मुंबईला पहाटे पोचते. पुण्यात उतरणारे नातेवाईक बरोबर असतील तर त्यांच्या बॅगा सोलापूर गेल्याबरोबर वेगळ्या काढून दाराच्या बाजूला ठेवा. घरी न्यायला येणाऱ्याला तिकिटावरची वेळ सांगू नका, गाडी दौंडला आली की फोन करा. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ना शाळा, ना ऑफिस, हे रजेचा अर्ज देतानाच धरून ठेवा.